खायला काहीच नाहीये

पंधराव्या वर्षी मुलाला भूक लागत नाही. भूकच त्याला बखोटीला धरून संध्याकाळी घरी आणते. बूट दारात, दप्तर पडेल तिथे आणि डोकं थेट फ्रिजमध्ये. मग आतूनच आवाज येतो, "आई, खायला काहीच नाहीये!" आत अंडी असतात, दही असतं, काकड्या, गाजरं, उकडलेले बटाटे असतात. पण त्यातलं एकही स्वतःहून चालत येऊन त्याच्या तोंडात शिरत नाही, हा त्यांचा गुन्हा.

याला खादाडपणा म्हणायची सोय नाही. वाढीचा जोर असतो तेव्हा मुलगे वर्षाला नऊ-दहा सेंटीमीटर उंच होतात. खेळणाऱ्या मुलाला दिवसाला तीन हजारांच्या आसपास कॅलरी लागतात. आमच्या चिरंजीवांना त्यातल्या निम्म्या शाळा सुटल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत हव्या असतात. त्याच वेळी त्याचे बाबा वजन कमी करायचं म्हणून समोर बसून काकडी चावत असतात. तो देखावा मला बघवत नाही.

बिस्किटांचा पुडा फोडून दिला की घरात शांतता होते, पण तासभरच. मैदा आणि साखर पोटात टिकत नाहीत. टिकतात ती प्रथिनं आणि चोथा. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९५ साली ३८ पदार्थांची परीक्षा घेतली. प्रत्येक पदार्थ २४० कॅलरींएवढा खायला द्यायचा आणि पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी भुकेची चौकशी करायची. (आमच्याकडे हा प्रयोग रोज चालतो, फक्त चौकशी खाणारा करतो.) पोट भरलेलं ठेवण्याबद्दल पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तर क्रोसाँ नावाच्या लोणीदार फ्रेंच पावाला मिळाले ४७ आणि उकडलेल्या बटाट्याला तब्बल ३२३! हे वाचून मी मोठ्या अभिमानाने बटाटे उकडले, वर मीठ-मिरपूड भुरभुरली आणि बशी पुढे ठेवली. चिरंजीवांनी त्या विश्वविजेत्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे तळायचे राहिलेत का?"

तेरा वर्षांची धाकटी जास्त धूर्त आहे. ती आधी वास घेते, मग माझा चेहरा वाचते. "हे हेल्दी आहे ना?" असं ती ज्या सुरात विचारते, त्या सुरात पोलीस चोरीच्या मालाबद्दल विचारत असावेत. म्हणून मी आता तोंड मिटून रांधते. रात्री भिजवलेले हरभरे सकाळी शिजवून ठेवायचे आणि संध्याकाळी कांदा, लिंबू, तिखट घालून, काही न बोलता टेबलावर ठेवून निघून जायचं. वाडगा चाटूनपुसून रिकामा होतो. त्याच हरभऱ्यांबरोबर "यात प्रथिनं असतात हं" एवढं वाढलं, तर ते दुसऱ्या दिवशीही तिथेच असतात. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात, हे मी दोघांपासून लपवून ठेवलंय. म्हणून तर अंडी खपतायत.

फळांचं तर्कशास्त्र त्याहून अजब. अख्खं सफरचंद टोपलीत म्हातारं होईपर्यंत सुखाने नांदतं. तेच कापून, फोडींना पीनट बटर लावून ठेवलं, तर सुरी धुऊन होण्याआधी बशी रिकामी! केळं तेवढं भाग्यवान, त्याला कापावं लागत नाही. भाजलेले शेंगदाणे बरणीत, बरणी डोळ्यांसमोर, झाकण सैल: एवढी व्यवस्था केली की माझं निम्मं काम होतं. झाकण घट्ट असेल तर बरणी अदृश्य होते.

हल्ली मी नवा डाव टाकलाय. आपलं आपण करून खा, म्हटलं. चिरंजीव लगेच तयार झाले. अंडी उकडायला शिकले, पाणी किती, गॅस किती, सगळं चोख. फक्त अंडी उकडेपर्यंतची दहा मिनिटं काढायला त्यांना बिस्किटांचा एक पुडा लागतो.