दोघांसाठी केलेला वॉकमन

१९९४ साल. पुण्याहून सोलापूरला निघालेली रात्रीची एसटी. माझ्या वॉकमनमध्ये भीमसेनजींच्या अभंगांची कॅसेट. शेजारच्या आजी बराच वेळ टक लावून बघत होत्या. भिगवण मागे पडलं तसं त्यांना राहवेना. "काय ऐकाय लागलीस गं?"

मी हेडफोन काढला आणि त्यांच्या पदरावरूनच डोक्यावर बसवला. स्पंज कानांवर नीट टेकवले. क्षणभर काहीच नाही. मग आजी एवढ्या मोठ्यांदा बोलल्या की पुढच्या सीटवरची माणसं दचकून उठली. "अगं बया, कानातच हाय की माणूस!"

पुढचा तासभर त्या मांडीवर हलक्या हाताने ताल धरून बसल्या होत्या. शेवटी सेल उतरले, आवाज रेंगाळायला लागला. हेडफोन परत देत म्हणाल्या, "बुवा दमलं. निजू दे त्यास्नी."

वॉकमन म्हणजे एकट्याने ऐकायची वस्तू, असं आपण धरून चालतो. पण पहिला वॉकमन तसा नव्हताच. सोनीचे अकिओ मोरिता नमुना घरी घेऊन गेले, कानाला लावून बसले, आणि पत्नीला आपण बाजूला पडलोय असं वाटलं. ते मोरितांच्या लक्षात आलं. म्हणून १ जुलै १९७९ ला जपानमध्ये विक्रीला आलेल्या टीपीएस-एल२ मॉडेलला हेडफोनच्या दोन पिनांची सोय होती. शिवाय एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं, छोटा माइक चालू व्हायचा आणि दोघांना हेडफोन न काढता बोलता यायचं. आमच्या आजींना त्याच बटणाची गरज होती!

किंमत ३३,००० येन. लोकांना ही वस्तू कळावी म्हणून कंपनीची माणसं टोकियोत गिंझा, शिंजुकूच्या गर्दीत फिरली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कानाला हेडफोन लावत सुटली. म्हणजे वॉकमनची ओळखच मुळी अनोळखी माणसाला गाणं ऐकवून झाली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढच्या मॉडेलांमधून आधी ते बटण गेलं, मग दुसरी पिनही गेली.

२००६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या झून या खिशातल्या म्युझिक प्लेअरवरून शेजारच्या झूनवाल्याला वायफायने गाणं पाठवता यायचं. पण ते तीनदा ऐकलं किंवा तीन दिवस झाले की बंद. प्रेमाने दिलेल्या गाण्याला कसली मुदत घालता?

आता कुणी म्हणेल, लोकलमध्ये मोबाइलवर मोठ्याने गाणी लावणारे ती सगळ्यांमध्ये वाटतातच की. नाही हो. ते वाटणं नव्हे, लादणं आहे. मुंबईत बेस्टने २०२३ मध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय मोबाइल वाजवायला मनाई केली, ते योग्यच केलं. वाटण्यात आधी विचारणं येतं, आणि समोरच्याला "नको" म्हणायची मोकळीक येते. कुणी स्वच्छतेचा मुद्दा काढेल. तोही खरा आहे, पुसून द्या. पण शेजारी दोन-तीन तास खांद्याला खांदा लावून बसलेल्या माणसाला काय आवडतं हे आपल्याला कधीच कळू नये, हे मला पटत नाही. प्लेलिस्ट आपल्या आवडीचंच पुन्हा पुढे करते. माझ्या आवडीपलीकडचं काही मला मिळालंय ते बहुतेक माणसांकडूनच.

गेल्या महिन्यात पुण्याहून मुंबईला येताना शेजारी कॉलेजची मुलगी होती. कानात ती बिनवायरची पांढरी बोंडं, इअरबड्स. मान एकसारखी डोलत होती. लोणावळ्याला मी धीर करून विचारलं, "काय ऐकतेस?" तिने एक बोंड काढलं, ओढणीच्या टोकाने दोनदा पुसलं आणि माझ्यापुढे धरलं. "मराठी रॅप आहे काकू, चालेल?"

निम्मे शब्द कळले नाहीत. कर्जत आलं तेव्हा तिलाच म्हटलं, "ते आधीचं परत लाव गं."