बजेट एअरलाइनवाला तो फॉरवर्ड, आणि मामांचे सोडून दिलेले पैसे

"बजेट विमान म्हणजे महागडी फसवणूक" हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर आला असेलच. म्हणणं थोडक्यात असं, की स्वस्त तिकीट काढलं की बॅगेचे वेगळे, सीटचे वेगळे, बोर्डिंग पासचे वेगळे, विमान उतरतं गावाबाहेर शंभर किलोमीटरवर, इंधन कमी भरतात, आणि तिकीट रद्द केलं तर एक रुपया परत नाही, त्यामुळे शेवटी फुल सर्व्हिसच (म्हणजे जेवणबिवण तिकिटातच धरणारी एअरलाइन) स्वस्त पडते. मी एरवी असल्या गोष्टींच्या नादी लागत नाही. पण आमच्या मामांनी दिल्लीचं तिकीट रद्द केलं आणि रिफंड मागितलाच नाही, "अरे मिळतच नसतं, ग्रुपवर आलं होतं ना" म्हणे. तेव्हा मात्र डोकं फिरलं.

त्यामुळे आधी रिफंडच घेतो, बाकीचं नंतर. डीजीसीए म्हणजे एअरलाइन्सवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, तिचा यावर लेखी नियम आहे, सीएआर (तिची नियमावली) सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट २, नेटवर मिळतो, कोणीही वाचू शकतं. त्यात सरळ लिहिलंय की कॅन्सलेशन चार्ज बेस फेअर (मूळ भाडं) अधिक फ्युएल सरचार्ज याच्यापेक्षा जास्त लावता येत नाही, आणि सरकारी टॅक्स व यूडीएफसारखे (एअरपोर्ट वापरण्याची फी) एअरपोर्टचे चार्जेस प्रवाशाला परत द्यायचेच, तिकीट कितीही "नॉन-रिफंडेबल" असू दे, तुम्ही रद्द केलेलं असू दे नाहीतर फ्लाइटला पोचलाच नसाल तरी. यात बजेट आणि फुल सर्व्हिस असा भेदच नाही, सगळ्यांना एकच नियम. मामांचं तिकीट उघडून बघितलं तर खाली बारीक अक्षरात सगळं फोडून दिलेलं होतं, बेस फेअर, यूडीएफ, जीएसटी, आणि सिक्युरिटी फीचेच माणशी २०० रुपये. दोन माणसांचं तिकीट, म्हणजे काही हजार नसतील, पण जे आहेत ते का सोडायचे? शिवाय रिफंडऐवजी क्रेडिट शेल (म्हणजे पुढच्या तिकिटासाठी एअरलाइनकडेच जमा राहणारे पैसे) घ्यायचं की नाही हे प्रवाशाने ठरवायचं, एअरलाइनने परस्पर गळ्यात मारायचं नाही, आणि कार्डने पैसे भरले असतील तर सात दिवसांत परत, हेही त्यातच आहे. एजंटकडून काढलं असेल तरी जबाबदारी एअरलाइनचीच. बुकिंग साइटची कन्व्हिनियन्स फी तेवढी जाते बहुतेक वेळा, ती गेली समजा.

आता शंभर किलोमीटरवाला मुद्दा. हा वाचला आणि कळलं की कुणीतरी युरोपातला लेख उचलून भाषांतर करून ढकललाय. तिकडची बजेट एअरलाइन रायनएअर "पॅरिस" म्हणून बोवे नावाच्या लांबच्या गावाला उतरवते, तिथून बसने तास-सव्वा तास, ते खरंय. एअरपोर्टवर चेक-इन केलं तर दणकून पैसे घेतात, तेही खरंय. पण मुंबई-दिल्लीला बजेट असो की फुल सर्व्हिस, बहुतेक फ्लाइट दिल्लीत त्याच मुख्य एअरपोर्टवर उतरतात, फार तर टर्मिनल बदलेल! आणि काउंटरवरच्या बोर्डिंग पासला आपल्याकडे काही कंपन्या पैसे लावत होत्या, पण जुलै २०२२ मध्येच विमान वाहतूक मंत्रालयाने ते घ्यायचे नाहीत म्हणून सांगितलं.

इंधन कमी भरतात म्हणे! ठरलेलं ठिकाण, तिथे उतरता नाही आलं तर पर्यायी एअरपोर्ट, आणि वर अर्ध्या तासाचा राखीव साठा, हे सगळ्यांनाच भरावं लागतं, त्यात सवलत नसते कुणाला. तिकीट स्वस्त पडतं ते बहुतेक एकाच जातीची विमानं ठेवून, अर्ध्या तासात परत उडवून आणि जास्त सीट बसवून. ए३२० निओ नावाच्या त्याच विमानात इंडिगो १८० ते १८६ सीट बसवते, एअर इंडियात बिझनेस आणि प्रीमियम इकॉनॉमी धरून १६० च्या आसपास होतात. बाकी आता इंडिगोनेच नोव्हेंबर २०२४ पासून दिल्ली-मुंबईला बिझनेस क्लास सुरू केलाय, म्हणजे बजेट कोण हा पण प्रश्नच आहे.

बॅगेचं सांगतो. फॉरवर्डमधली सगळी बेरीज याच्यावर उभी आहे, आणि ती जुनी आहे. एअर इंडियाने मे २०२४ मध्ये डोमेस्टिकच्या सगळ्यात स्वस्त भाड्यातली बॅग २० वरून १५ किलोवर आणली. इंडिगोही १५ च देते. म्हणजे फरक शून्य.

पण हो, अर्धं खरं आहे इथे, मान्य करावं लागेल. एअर इंडिया एक्सप्रेसचं "लाइट" नावाचं भाडं असतं, त्यात चेक-इन बॅगच नाही, फक्त केबिन बॅग, आणि नाव सारखं असल्यामुळे निम्म्या लोकांना वाटतं आपण एअर इंडियाच बुक केलंय. मग काउंटरवर किलोच्या हिशोबाने पैसे मोजायला लागतात आणि तिथे खरंच वाट लागते. बॅग बुकिंग करतानाच घ्या, स्वस्त पडते.

सीटचे पैसे द्यायलाच लागतात हे पण नाही. नाही निवडली तर चेक-इनला जी मिळेल ती फुकट मिळते, मधली मिळेल, मिळू दे. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच पीएनआरवर असलेल्या आई किंवा बाबांशेजारी बसवा असं डीजीसीएने एप्रिल २०२४ मध्ये सांगितलेलं आहे, त्यासाठी सीट विकत घ्यायची गरज नाही. जेवणाचं फॉरवर्डवाल्याचं बरोबर आहे, फुल सर्व्हिसमध्ये ते तिकिटातच येतं. दोन तासांच्या प्रवासाला घरून थेपले न्या की!

आणि हे सगळं लिहिताना त्या फॉरवर्डवाल्या महाशयांना डिसेंबर २०२५ आठवला नाही याचं नवल वाटतं. इंडिगोच्या शेकडो फ्लाइट रोज रद्द होत होत्या, बाकीच्यांची भाडी इतकी चढली की सरकारला मर्यादा घालावी लागली, ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये वगैरे. बजेटच्या विरोधात बोलायचंच होतं तर मुद्दा हा होता, की निम्म्याहून जास्त मार्केट एकाच कंपनीकडे गेलं की ती बसली की सगळेच बसतात. तेव्हा फुल सर्व्हिसचं तिकीट काढायला गेलेल्यांना ते काही स्वस्त मिळत नव्हतं.