भांडण नेमकं कशावरून?

घरातलं भांडण ‘आजकालची कुटुंबं’ या विषयावर घसरलं की खुशाल समजावं, खरा मुद्दा काढायची दोघांचीही तयारी नाही.

यंदा चवथीला गोव्यात फोंड्याकडच्या आमच्या जुन्या घरात दादा आणि ताईची अशीच जुंपली. दादा म्हणे, एकत्र कुटुंबं संपली, आईबाप कुणाला नकोत. ताई म्हणे, सुनांच्या हाडांवर चालायची तुझी ती एकत्र कुटुंबं! माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या छताखाली बसून टीव्हीवरची चर्चा. मी पडलो चुलत भाऊ, मध्ये बोलायचा अधिकार अर्धाच, तेवढा वापरला.

विचारलं, काकूने, म्हणजे यांच्या आईने, याच घरात राहायचं ना? दोघंही हो. वृद्धाश्रम? दोघंही माझ्याच अंगावर आली. मग काय, वाटणी? तिथेही वाद नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलीचा हिस्सा मुलाइतकाच. काकांच्या मागे अर्धं काकूचं, उरलेलं या दोघांत सारखं. घर विकायचं झालं तर भावोजींचीही सही लागेल, हे दादाला पाठ आहे.

मग घोडं अडलं कुठे? दादाचं म्हणणं, हिस्सा सारखा तर आईचं करणंही सारखं. ताईचं म्हणणं, हिस्सा जन्माने मिळाला, तो काय कामाचा पगार आहे? आणि रात्री तू कुठे उठतोस, उठते ती वहिनी.

इतकंच! बाकी सगळा आरडाओरडा फुकटचा. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदासुद्धा मुलगा-मुलगी भेद करत नाही, पण तो निर्वाहखर्चाचं बघतो. रात्री दोनला काकूला हात धरून न्हाणीपर्यंत कोणी न्यायचं, ते त्यात कुठून असणार? मला विचाराल तर दादाचा मुद्दा खोटा नाही. फक्त तो मांडायचा हक्क त्याचा नाही, वहिनीचा. दादा औषधांची बिलं मोजतो (आणि ती भरतोही, नाही म्हणत नाही), जागरणं मोजत नाही.

वहिनी खतखत्याचं भांडं उतरवून बाहेर आली आणि म्हणाली, “कुळागराच्या सुपारीचे पैसे यांच्या खात्यात येतात ना, त्यातून रात्रीची बाई ठेवा.”

आता वाद त्या पैशांवर आहे. दादा म्हणतो बाईचा अर्धा पगार सुपारीतून, अर्धा ताईने द्यावा. ताई म्हणते, सगळा सुपारीतूनच.