डोळे मिचकवा म्हणे!

आज सकाळी पाऊण तास मी माझ्या वडलांना डोळे मिचकवायला लावत होते. मोबाईल समोर धरून. "अण्णा, मिचकवा. परत एकदा. अहो जरा पटकन मिचकवा ना." नोव्हेंबर चालूए, ज्यांच्या घरात पेन्शन येते त्यांना सांगायला नको, हयातीचा दाखला द्यायचा असतो, आणि आता ते घरबसल्या होतं म्हणे, मोबाईलला चेहरा दाखवायचा, डोळे मिचकवायचे, झालं, माणूस जिवंत. आता अण्णांना नऊ वर्षं पार्किन्सन्स आहे. ह्या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात, चेहरा मुखवट्यासारखा होतो आणि पापण्या लवायचं प्रमाण एकदम कमी होतं. हे काही गुपित नाहीये हो, कुठल्याही न्यूरोलॉजिस्टला विचारा. पण हे ॲप ज्या कोणी बनवलं त्याच्या डोक्यात एवढं आलं नाही की जे वापरणार ते बहुतेक साठीच्या पुढचे आहेत, त्यातल्या काहींचे डोळे सांगितल्या क्षणी मिटणार नाहीत.

अकराव्यांदा नापास झाल्यावर अण्णा हळूच म्हणाले, "मी गेलो असं लिहून टाक." आवाज इतका बारीक झालाय की मला कान तोंडाशी न्यावा लागला, आणि मला हसावं का रडावं तेच कळेना.

मग रिक्षा करून बँकेत. तिथे अंगठ्याचं मशीन, अंगठा थरथरतो, मशीन लाल दिवा. मग म्हणे फॉर्मवर सही करा. सही! माझे वडील ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, तपासणीला आलेले साहेब फळ्यावरचं अक्षर बघत उभे राहायचे. ह्या आजारात अक्षर बारीक बारीक होत जातं, ओळ सुरू होते तेव्हा ज्वारीएवढं आणि संपते तेव्हा खसखशीएवढं. काउंटरवरचा मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा, तो म्हणतो "काका सही मॅच होत नाहीये, नीट करा." नीट करा! जणू मुद्दाम वाकडी करतायत. मी तिथे आवाज चढवला, मॅनेजर आले, शेवटी झालं काम, पण ओरडल्याशिवाय का होत नाही हो कुठलंच काम ह्या देशात? आणि ज्यांच्या घरात ओरडायला कोणी नाही त्यांचं काय?

खरं तर आजचं निमित्त झालं. नऊ वर्षांचं साठलंय. म्हणजे अकराच धरा, कारण पहिली दोन वर्षं तर कुणाला कळलंच नाही. उजवा खांदा आखडला म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे, फ्रोझन शोल्डर, शेक घ्या, व्यायाम करा. मध्ये त्यांना वास येईनासा झाला, गॅसवर दूध करपून काळं झालं तरी शेजारी पेपर वाचत बसलेले, आई म्हणाली लक्ष नाही तुमचं. रात्री झोपेत लाथा मारायचे, ओरडायचे, आम्ही हसायचो. सगळी, अगदी सगळी लक्षणं पुस्तकात असतात तशी, आणि तालुक्याच्या गावात एक माणूस नव्हता जो ती एकत्र जोडेल. जेव्हा हात थरथरायला लागला तेव्हा पुण्याचं नाव निघालं. तोपर्यंत मेंदूतल्या डोपामिन (हालचालींचा निरोप पोचवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी अर्ध्याहून जास्त गेलेल्या असतात असं डॉक्टरच म्हणाले. पहाटे साडेचारला गाडी करायची, ११ चा नंबर दीड वाजता, आत सात मिनिटं. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, बाहेर साठ माणसं बसलेली, चार जिल्ह्यांमधून आलेली, ते तरी काय करणार.

ह्या आजारावर जेम्स पार्किन्सन नावाच्या लंडनच्या डॉक्टरने १८१७ साली निबंध लिहिला. दोनशे वर्षं होऊन गेली. मुख्य औषध लेव्होडोपा, ते साठच्या दशकात आलं आणि आजही तीच गोळी पहिली, माझ्या जन्माच्या आधीपासूनची. ती आजार थांबवत नाही, फक्त काही तास माणूस परत देते. आजार थांबवणारं एकही औषध अजून नाही. गोळी चालू असली की "ऑन", उतरली की "ऑफ". ऑनमध्ये अण्णा अंगणात फुलं तोडतात, ऑफमध्ये त्याच अंगणात पाय जमिनीला खिळल्यासारखे उभे राहतात, आम्ही पुढे पाऊल ठेवून म्हणतो ह्याच्यावरून ओलांडा. घड्याळ म्हणजे आमच्या घरचा देव झालाय. ६, १०, २, ६, १०. वीस मिनिटं चुकली तरी सगळा दिवस बोंबलतो. आणि दुधाबरोबर, उसळीबरोबर द्यायची नाही, प्रथिनं आडवी येतात, गोळी शोषलीच जात नाही नीट.

आता ऐका गंमत. मागच्या वर्षी अण्णा बाथरूमच्या उंबऱ्याशी फ्रीझ झाले आणि पडले, खुब्याचं हाड. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना ५ लाखांपर्यंतचं आयुष्मान कार्ड आहे ना २०२४ च्या ऑक्टोबरपासून, त्यावर ऑपरेशन झालं, एक रुपया लागला नाही, त्याबद्दल खरंच आभार, ह्यात टोमणा नाही. पण बघा हं, हाड मोडलं की सरकार पैसे देतं आणि ज्या आजारामुळे पडले त्याच्या गोळ्यांना, फिजिओला, घरी ठेवलेल्या मावशींच्या पगाराला छदाम नाही, कारण कार्ड ॲडमिट झालेल्यालाच. सरकारी असो की खासगी मेडिक्लेम, सगळ्यांना पेशंट आडवा हवा. उभ्या माणसाचे महिन्याला साडेसहा हजार औषधांचे तुम्ही तुमचे बघा. स्वस्त औषधांच्या दुकानात गेलं तर "मागच्या आठवड्यात होती, संपली." देशाच्या आरोग्यखर्चातले ३९.४ टक्के लोक स्वतःच्या खिशातून भरतात, हा २०२१-२२ चा सरकारी हिशोब आहे, मी काढलेला नाही. आमच्या घरात विचाराल तर त्या एका ऑपरेशनचे दहा दिवस सोडले तर शंभर टक्के.

आणि त्या दहा दिवसांत काय झालं तेही ऐका. वॉर्डात गोळ्या त्यांच्या ताब्यात. मी कागदावर मोठ्या अक्षरात वेळा लिहून पलंगाला चिकटवल्या. सिस्टर म्हणाल्या "राउंड झाला की देतो." सहाची गोळी साडेआठला, नाश्त्याच्या अंड्याबरोबर. दुसऱ्या दिवशी मळमळ झाली तर इंजेक्शन लावलं, मी बाटलीवरचं नाव बघून गूगल केलं, मेटोक्लोप्रामाइड, पार्किन्सन्सवाल्यांना जे द्यायचं नसतं त्यातलं पहिलं नाव, ते डोपामिनलाच अडवतं! माणूस दगड झाला दोन दिवस. गिळता येईना, बोलता येईना. आणि एक शिकाऊ डॉक्टर मला विचारतो "आजोबांना आधीपासूनच काही समजत नव्हतं का?" अरे, काल सकाळी शब्दकोडं सोडवत होता हा माणूस! ब्रिटनमध्ये ह्याच एका गोष्टीसाठी, हॉस्पिटलात गोळी वेळेवर द्या, एवढ्याचसाठी, पेशंटांच्या संघटनेला २००६ पासून मोहीम चालवावी लागतेय. म्हणजे तिकडेही आनंदच आहे, पण निदान कोणीतरी भांडतंय. आपल्याकडे आम्ही नातेवाईक, पलंगाला कागद चिकटवतो.

लोक म्हणतात संशोधन चालू आहे ना, निघेल काहीतरी. कुणाच्या पैशावर? आपल्या सरकारच्या आरोग्य संशोधन खात्याचं २०२५-२६ चं अख्खं बजेट साधारण ३९०० कोटी. मोठा आकडा वाटतो ना? १४० कोटींनी भागा. माणशी अठ्ठावीस रुपये. एक वडापाव आणि एक कटिंग, वर्षाला, आणि ह्यात टीबी, कॅन्सर, डेंग्यू, सगळं आलं, मेंदूच्या वाट्याला मिरचीसुद्धा येत नसेल. (बाकीच्या खात्यांकडूनही थोडंफार येतं, मला माहितीये, लगेच कोणी अंगावर येऊ नका.) २०१७ च्या आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्के करू. २०२१-२२ ला होता १.८४. बेंगळुरूला मेंदू संशोधनाचं केंद्र आहे, चांगलं काम आहे, कोलार जिल्ह्यातल्या खेड्यांतली हजारो माणसं वर्षानुवर्षं तपासतायत, तर ते उभं राहिलं इन्फोसिसच्या क्रिस गोपालकृष्णन यांनी २२५ कोटी दिले म्हणून. देणारा देतो, त्याचे पाय धरावे. पण दानशूर माणूस भेटला नाही तर त्या आजाराने काय करायचं?

सगळ्यात जास्त कशाने डोकं फिरतं सांगू? आपण मोजतच नाही. मेंदूचाच दुसरा आजार घ्या, डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. भारतात साठीच्या वरचे ८८ लाख लोक त्याचे आहेत, ७.४ टक्के, हा आकडा २०२३ मध्ये आला, आणि ज्या अभ्यासातून आला त्याला पैसा अमेरिकेतल्या वृद्धत्वावरच्या सरकारी संस्थेचा. आपले म्हातारे, आपली गावं, मोजायला पैसे त्यांचे. तिकडे एका नटाला पार्किन्सन्स झाला, मायकेल जे. फॉक्स, त्याने २००० साली फाउंडेशन काढलं, आजवर दोन अब्ज डॉलरच्या वर संशोधनाला दिले, आणि आपल्याकडच्या हजारो पेशंटांच्या जनुकांच्या अभ्यासामागेही त्यांचाच पैसा. म्हणजे माझ्या वडलांच्या आजारात एका परदेशी नटाला जेवढा रस आहे तेवढा मी ज्याला मत देते त्याला नाही. केरळने डिमेन्शियासाठी २०१४ ला काहीतरी सुरू केलं, कर्नाटकने निम्हान्सला, म्हणजे बेंगळुरूच्या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या सरकारी संस्थेला, धरून जिल्हा पातळीवर मेंदूआरोग्याचे दवाखाने काढले, आणि आमच्याकडे? आमच्या तालुक्यात चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स आहेत आणि न्यूरोलॉजिस्ट शून्य.

हां, ११ एप्रिलला जागतिक पार्किन्सन्स दिन असतो तेव्हा मात्र सगळे जागे. गेल्या वर्षी एका ठिकाणी वॉकेथॉन होती, सकाळी सव्वासहाला. सव्वासहाला! पार्किन्सन्सचे कितीतरी पेशंट पहिली गोळी चढेपर्यंत कुशीवरसुद्धा वळू शकत नाहीत. टी-शर्ट वाटले, दीपप्रज्वलन झालं, पाहुण्यांनी "सकारात्मक राहा" सांगितलं, चालले कोण तर कॉलेजची पोरं. मी बजेटचा प्रश्न विचारला तर माइक पुढे गेला.

वर नातेवाईक. "गोळ्या बंद करा, केमिकल असतं, खाजकुयरीची पावडर द्या, आमच्या साडूंना गुण आला." अहो काका, खाजकुयरीत तेच लेव्होडोपा असतं! फक्त कुठल्या चमच्यात किती ते कुणाला माहीत नसतं. एकदा आईने न सांगता आठवडाभर दिली वरून, हातपाय नाचल्यासारखे वेडेवाकडे हलायला लागले, ते नातेवाईक आले का निस्तरायला? नाही आले.

ह्यात चांगलं काही घडलं असेल तर ते पेशंटांच्या गटांमुळेच. पुण्यातल्या पार्किन्सन्सच्या मित्रमंडळाच्या लोकांनी फोनवर एका तासात जेवढं सांगितलं तेवढं मला नऊ वर्षांत कुठल्या काउंटरवर कळलं नाही. पलंगाला कागद चिकटवायची आयडिया त्यांचीच. पण ही सगळी सत्तरीची माणसं, स्वतः आजारी किंवा घरात आजारी, ती किती निवेदनं घेऊन कुठे कुठे फिरणार?

आता शेवटचं, आणि ह्याच्यावरच मला खरं लिहायचं होतं, बँकेवर उगाच घसरले. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार ७ चे २१ झाले, त्यात पार्किन्सन्स आलं. आम्ही खूश. अपंगत्वाच्या कार्डाचा ऑनलाइन फॉर्म भरला, पाच महिन्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीची तारीख मिळाली. १० ची गोळी देऊन नेलं, कारण न देता नेणार कसं, गाडीतच बसता येत नाही. साडेअकराला नंबर लागला. ऑन! अण्णा टेबलापर्यंत चालत गेले, वर नमस्कारही केला, जुनी खोड. डॉक्टरांनी दोन मिनिटं बघितलं, हात उघडा, बंद करा, "बरे आहेत की." ३५ टक्के. सवलती मिळायला अपंगत्व किमान ४० टक्के लागतं. मी म्हटलं साहेब दोन तासांनी बघा, हवं तर इथेच बसतो. म्हणाले मॅडम दुपारी बोर्ड नसतो.

फेरतपासणीचा अर्ज केला. परवा बुधवारी तारीख आलीये. आणि बाहेर झेरॉक्सवाल्यापासून आतल्या शिपायापर्यंत चार जणांनी मला एकच सल्ला दिलाय, ताई, त्या दिवशी गोळी देऊ नका.

म्हणजे मी माझ्या वडलांना मुद्दाम आखडू द्यायचं. सहाची पण नाही, दहाची पण नाही. लाकडासारखे उचलून गाडीत घालायचे, दीड तासाचा रस्ता, तोंडातून लाळ गळत असताना व्हीलचेअरवरून आत न्यायचे, मग साहेबांना पाच टक्के जास्त दिसतील. मी ठरवलं होतं की नाही करायचं असलं, गेलं खड्ड्यात ते कार्ड. रात्री अण्णांना सांगितलं तर बराच वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं ऑफ झाले. मग म्हणाले, "सहाची दे. दहाची राहू दे. आणि माझी धोतरजोडी काढून ठेव, पँटचं बटण मला तेव्हा लागणार नाही."