विमान अपघाताचा तपास वेगळ्या हाती का हवा

अहमदाबादच्या दुर्घटनेनंतर नागपुरात एक संदेश हातोहाती फिरतो आहे. खामल्यातल्या आमच्या वसाहतीत तो मला तीन जणांनी पाठवला. त्यांतले एक स्नेही उमेदीची वर्षे सोनेगाव विमानतळावर काढलेले आहेत, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यावेसे वाटले. संदेशाचा आशय असा: विमान अपघातांच्या तपासासाठी स्वायत्त राष्ट्रीय मंडळ मागणे म्हणजे पैशांची उधळपट्टी आहे, चौकशीला डीजीसीए आहे आणि गुन्हा नोंदवायला पोलीस आहेत, बहुतेक अपघात वैमानिकाच्या चुकीनेच होतात, ब्लॅक बॉक्स उघडला की दोन दिवसांत सगळे कळते, त्यानंतरचा वेळ दडपादडपीचा असतो, आणि अहवाल आले तरी ते धूळ खात पडतात.

यातले पहिले विधान मुळात जुने झाले आहे. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, आज मोठ्या अपघातांचा तपास करत नाही. 30 जुलै 2012 रोजी विमान अपघात अन्वेषण ब्यूरो स्थापन झाला आणि अपघात व गंभीर घटनांचा तपास त्याच्याकडे गेला. हे का करावे लागले, ते समजून घेण्यासारखे आहे. डीजीसीए वैमानिकाला परवाना देते, विमान उड्डाणयोग्य असल्याचा दाखला देते, कंपनीच्या प्रशिक्षणाला मंजुरी देते आणि विमानतळालाही परवाना देते. अपघात झाला की यांतला प्रत्येक कागद तपासाच्या टेबलावर येतो, आणि त्याखालची सही रास्त होती का, हा प्रश्न विचारावाच लागतो. ज्याने हिशेब लिहिला त्यालाच लेखापरीक्षक नेमू नये, हे आपण गावच्या पतसंस्थेतही पाळतो.

तरीही काम अर्धेच झाले आहे. हा ब्यूरो, डीजीसीए आणि विमानतळ प्राधिकरण हे तिन्ही एकाच मंत्रालयाच्या छत्राखाली आहेत, आणि 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमातही ब्यूरोवरची देखरेख केंद्र सरकारकडेच राहिली आहे. अमेरिकेत 1967 साली स्थापन झालेले तपास मंडळ सुरुवातीला असेच परिवहन खात्यात होते. 1974 च्या कायद्याने ते पूर्णपणे वेगळे काढले, आणि अन्य कोणत्याही खात्यापासून संपूर्ण स्वतंत्र असल्याखेरीज हे काम नीट होऊ शकत नाही, असे त्या कायद्यातच लिहून ठेवले. मंगळूरच्या 2010 च्या अपघाताची चौकशी करणाऱ्या, निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयानेही (कोर्ट ऑफ इन्क्वायरी) आपल्याकडे स्वतंत्र सुरक्षा मंडळ असावे, अशी शिफारस केली होती. तेव्हा ही मागणी अहमदाबादनंतर भावनेच्या भरात उपटलेली नाही.

आता वैमानिकाच्या चुकीचा मुद्दा. मला सर्वांत जास्त टोचणारा तोच आहे.

26 एप्रिल 1993 रोजी औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग 737 धावपट्टीच्या टोकापलीकडच्या बीड रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले आणि पुढे विजेच्या तारांत अडकून कोसळले. 55 माणसे गेली. वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले, असा निष्कर्ष निघाला. मात्र त्याच निष्कर्षात, उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक थांबवण्यात विमानतळाची यंत्रणा अपयशी ठरली, हेही नोंदवले होते. तपास वैमानिकापाशी थांबला असता, तर रस्त्यावरच्या फाटकाचा प्रश्न कोणी विचारलाच नसता, आणि दुसरा वैमानिक नव्या ट्रकच्या वाटेत गेला असता.

मंगळूरला 22 मे 2010 रोजी 158 जणांचा बळी गेला. सहवैमानिकाने तीनदा विमान पुन्हा वर घेण्यास सांगूनही कप्तानांनी उतरण्याचा प्रयत्न सोडला नाही, हे खरे आहे. पण कप्तान प्रवासात बराच वेळ झोपले होते आणि त्या झोपेची गुंगी निर्णयावर परिणाम करू शकते, विमानतळाचे रडार 20 मेपासून बंद असल्याने विमानाला खाली उतरण्याची परवानगी उशिरा मिळाली, या गोष्टीही त्याच तपासात पुढे आल्या. कोझिकोडला 7 ऑगस्ट 2020 रोजी 21 जण दगावले. त्या विमानाचे कप्तान दीपक साठे यांचे कुटुंब नागपूरचे, त्यामुळे या शहराला तो घाव घरातल्यासारखा लागला. अहवालाने त्यांच्या निर्णयातली चूक स्पष्ट शब्दांत सांगितली आहे आणि ती आपण स्वीकारली पाहिजे. पण भर पावसात त्यांच्या बाजूची काच पुसणारा वायपर बंद पडला होता, तिथे कप्तान कमी असल्याने दुसऱ्या दिवशीचे उड्डाणही त्यांच्याच नावावर होते, आणि व्यवस्थेतल्या उणिवांकडे दुर्लक्ष करता येणार नाही, हेही अहवालातच आहे. ‘वैमानिकाची चूक’ हे दोन शब्द संदेशात मावतात. बाकीचे वाचायला अहवाल उघडावा लागतो.

पोलिसांबद्दल मला माझ्या कामातला एक प्रसंग सांगायचा आहे. मी तीस वर्षे विमानांच्या देखभालीत होतो. हँगरमध्ये अवजारांचा फळा असतो, त्यावर प्रत्येक पान्याची, प्रत्येक स्क्रूड्रायव्हरची आकृती रंगवलेली असते. पाळी संपताना फळ्यावर एखादी आकृती रिकामी दिसली, तर अवजार सापडेपर्यंत विमान सोडायचे नाही, हा नियम. एका पहाटे विमान सोडायला तासभर उरला असताना एक नवखा तंत्रज्ञ माझ्याकडे आला आणि घाबऱ्या आवाजात म्हणाला, ‘साहेब, माझा दहाचा पाना सापडत नाही.’ फळ्यावर त्या जागी तेव्हा पाना लटकत होता, कारण त्याने शेजारच्या पेटीतला आणून लावला होता. कोणालाही कळले नसते. पाना इंजिनाच्या आवरणात सापडला, आणि विमान दोन तास उशिरा निघाले. आमच्या प्रमुखांनी त्याच्यावर कारवाई केली नाही, उलट त्या पेट्यांची मोजणी बदलली. त्या मुलाला पोलीस ठाण्याची भीती असती, तर तो बोलला असता का?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टात नेमके हेच आहे: तपासाचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोष किंवा दायित्व ठरवणे हा नाही. गुन्ह्याचा तपास हवा तर तो स्वतंत्रपणे होऊ शकतो, कोणी अडवलेले नाही. परंतु कॉकपिटमधला आवाज आणि तंत्रज्ञाचा जबाब एकाच फायलीत आरोपपत्राला जोडले जाऊ लागले, तर पुढच्या वेळी प्रत्येक जण वकिलाला विचारूनच तोंड उघडेल.

ब्लॅक बॉक्सच्या दोन दिवसांच्या गोष्टीला फार वेळ देण्याची गरज नाही. 12 जून 2025 रोजी अहमदाबादला विमान पडले. त्यात ब्लॅक बॉक्स म्हणजे दोन रेकॉर्डर होते. मागचा दुसऱ्या दिवशी मिळाला, पण तो इतका जळला होता की नेहमीच्या पद्धतीने त्यातून काहीच निघेना. पुढचा 16 जूनला सापडला आणि त्यातली माहिती आणखी आठवडाभराने दिल्लीतल्या प्रयोगशाळेत बाहेर काढता आली. दरम्यान पक्षी आदळले, फ्लॅप (उड्डाणाच्या वेळी उघडायचे पंखांच्या कडेचे भाग) उघडलेच नव्हते, अशा बातम्या देशभर पसरल्या. महिन्याभराने आलेल्या प्राथमिक अहवालात फ्लॅपचा दांडा योग्य जागी होता आणि उड्डाणमार्गात पक्ष्यांची विशेष हालचाल नव्हती, असे निघाले. दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले, एवढे त्यात आहे. ते का गेले, हे त्या अहवालाने ठरवलेले नाही. तरीही मृत वैमानिकावर लोकांनी निकाल देऊन टाकला आणि त्याच्या वयोवृद्ध वडिलांना सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. घाईचा हा परिणाम आहे.

उधळपट्टीचे म्हणाल, तर एप्रिल 2025 मध्ये सुरू झालेल्या त्याच प्रयोगशाळेला सुमारे 9 कोटी रुपये लागले. एका प्रवासी विमानाच्या किमतीपुढे ही रक्कम किती, ते वाचकांनीच पाहावे.

शेवटचा मुद्दा अहवाल धूळ खातात हा, आणि त्यात तथ्य आहे हे मी मान्य करतो. सर्वच अहवाल तसे गेले नाहीत. 12 नोव्हेंबर 1996 रोजी चरखी दादरीवर दोन विमानांची हवेत टक्कर होऊन 349 जण मृत्युमुखी पडले, त्यानंतर टक्कर टाळणारे उपकरण आपल्याकडे सक्तीचे झाले. पण मंगळूरच्या अहवालाने टेबलटॉप, म्हणजे पठारावरच्या आणि टोकाला उतार असलेल्या, धावपट्टीच्या टोकाला विमान थोपवून धरणारी व्यवस्था सुचवली होती आणि दहा वर्षांनंतर कोझिकोडच्या तशाच धावपट्टीवर ती नव्हती. शिफारस करणारा आणि ती अमलात आणणारा एकाच मंत्र्याला उत्तर देतात, तेव्हा पाठपुरावा करायचा कोणी, आणि कोणाविरुद्ध? म्हणून धुळीचा हा दाखला मंडळाच्या विरोधात जात नाही, तो मंडळाच्याच बाजूचा आहे.

या बाबतीत नागपूरने परक्यासारखे बोलू नये. 1949 पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रासहून टपाल घेऊन निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावला भेटत, पिशव्यांची अदलाबदल करत आणि परतत. 12 डिसेंबर 1953 च्या रात्री त्यांतले मद्रासकडे निघालेले डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि 14 पैकी 13 जण गेले.

तेराव्या परिशिष्टानुसार सुरक्षेची शिफारस मिळालेल्या देशाने 90 दिवसांच्या आत काय केले किंवा का केले नाही, ते कळवायचे असते. देशांतर्गत शिफारशींनाही हीच मुदत कायद्याने बंधनकारक व्हावी, प्रत्येक लेखी उत्तर जनतेसाठी प्रसिद्ध व्हावे आणि मंडळाने दरवर्षी थेट संसदेपुढे हिशेब ठेवावा, एवढे निवेदन मी आपल्या खासदारांना देणार आहे. त्या स्नेह्यांची सही त्यावर हवी, असे मी त्यांना कळवले आहे.