शंभर रिपोर्ट पडले म्हणून आयडी उडत नाही

गेमिंग ग्रुपांमध्ये एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो: ‘हॅकर दिसला की सगळ्यांनी मिळून रिपोर्ट मारा. शंभर झाले की आयडी उडतेच. नाही उडाली तर कंपनीच त्याला सांभाळतेय. आणि बॅन झालेला कुणी रडत आला तर लक्ष देऊ नका.’ यातलं एकही वाक्य टिकत नाही, आणि शेवटच्या वाक्याने तर निर्दोष खेळाडूंचं नुकसान होतं.

आधी शंभराचा आकडा. एमबॉट (आपोआप नेम धरणारी चीट, म्हणजे फसवणुकीचं सॉफ्टवेअर) किंवा वॉलहॅक (भिंतीआडचे शत्रू दाखवणारी चीट) यांच्या बाबतीत रिपोर्टचं काम तपासणीच्या रांगेत नाव घालण्यापुरतं. व्हॉल्व्ह कंपनीच्या काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेममध्ये (त्याच्या सीएसजीओ या आवृत्तीत) 2013 साली ओव्हरवॉच ही व्यवस्था आली. अनुभवी खेळाडूंना आठ राउंडचं रेकॉर्डिंग मिळायचं. संशयिताचं नाव झाकलेलं, चॅट काढून टाकलेलं. निकाल दोनच: दोष निःसंशय दिसतो, किंवा पुरावा अपुरा आहे. ज्यांचे आधीचे निकाल अचूक, त्यांच्या मताला वजन जास्त. पुढे व्हॉल्व्हने व्हॅकनेट ही मशीन लर्निंगवर चालणारी प्रणाली जोडली. 2018 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये कंपनीने सांगितलं की खेळाडूंच्या रिपोर्टवरून आलेल्या प्रकरणांपैकी 15 ते 30 टक्क्यांतच दोष सिद्ध होतो, व्हॅकनेटने काढलेल्यांत 80 ते 95 टक्के. नुसत्या रिपोर्टवर बॅन दिले असते तर दहापैकी किमान सात जण पुराव्याविना गेले असते.

हा गैरसमज येतो कुठून? चॅट म्यूटसारख्या हलक्या कारवाईत काही गेम रिपोर्टची संख्या खरोखरच धरतात. तिथे पाच जणांची टोळी एकट्याचं तोंड बंद करू शकते. तो दोष त्या नियमाचा आहे. तोच नियम बॅनला लावा म्हणणं म्हणजे टोळीच्या हाती न्याय देणं.

‘लगेच उडाला नाही, म्हणजे कंपनी सांभाळते.’ उशीर बऱ्याचदा मुद्दाम केलेला असतो. चीट विकणारा नवी आवृत्ती आधी फालतू खात्यावर चालवून बघतो. पाच मिनिटांत बॅन आला तर काय पकडलं गेलं ते त्याला कळतं आणि संध्याकाळपर्यंत तो दुरुस्ती करतो. फेब्रुवारी 2023 मध्ये डोटा 2 च्या एका अपडेटमध्ये व्हॉल्व्हने असा डेटा ठेवला, जो सरळ खेळताना कधीच वाचला जात नाही, चीट मात्र वाचते. मग एकदम 40,000 हून जास्त खाती बंद केली. मोठ्या नावांना सूट मिळते म्हणावं, तर नोव्हेंबर 2019 मध्ये फोर्टनाइटमध्ये एमबॉट वापरून व्हिडिओ टाकणाऱ्या नामांकित यूट्यूबरवर कायमची बंदी आली होती.

‘रिप्लेत स्पष्ट दिसतंय’ हाही पुरावा जपून वापरावा. सीएसजीओच्या मॅचमेकिंगमध्ये सर्व्हर सेकंदाला 64 टिकवर (म्हणजे 64 वेळा हालचाल टिपत) चालायचा, डेमो म्हणजे सामन्याचं रेकॉर्डिंग 32 वर नोंदलं जायचं. अर्ध्या हालचाली गाळल्या की वेगाने फिरवलेला माउस झटक्यात डोक्यावर चिकटल्यासारखा दिसतो. एकाच क्लिपवरून ठरवू नका. भिंतीआडच्या शत्रूमागे नेम सरकतोय का, ते सलग राउंडांत बघा.

आता रडत येणाऱ्यांबद्दल. 2010 च्या जुलैत मॉडर्न वॉरफेअर 2 या गेमचे सुमारे 12,000 खेळाडू व्हॅक या व्हॉल्व्हच्या चीट पकडणाऱ्या प्रणालीने चुकून बॅन केले. गेमने मेमरीत घेतलेली डीएलएल फाइल (गेमच्या कोडचा भाग) स्टीमने, म्हणजे व्हॉल्व्हच्या गेम चालवणाऱ्या अ‍ॅपने, डिस्कवर बदलली. दोन्ही जुळेनात, म्हणून ती छेडछाड ठरली. बॅन मागे घेतले गेले. ऑक्टोबर 2023 मध्ये एएमडीच्या ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरमधलं अँटी-लॅग+ हे फीचर काउंटर-स्ट्राइक 2 च्या इंजिनच्या डीएलएलमध्येच हात घालत होतं. ज्यांनी ते चालू ठेवलं, त्यांच्यापैकी काहींवर बॅन आले. एएमडीने तो ड्रायव्हर मागे घेतला आणि व्हॉल्व्हने ते बॅन उठवले.

म्हणून रिपोर्ट एकदाच करा, पण नेमका: प्रकार बरोबर निवडा, वर्णनाची जागा असेल तर राउंड आणि वेळ लिहा, डेमोची मुदत संपण्याआधी तो उतरवून घ्या. स्वतःवर चुकून बॅन आला तर नवं खातं काढू नका; बरेच गेम डिव्हाइसही ओळखतात आणि तेच खातं बॅन चुकवण्याचा प्रयत्न ठरतं. बॅनची तारीख, ड्रायव्हरची आवृत्ती, त्या दिवशी चालू असलेले ओव्हरले (गेमवर दिसणारी अ‍ॅप्स), मॅक्रो (एका बटणाने अनेक क्रिया करणारी सोय) आणि माउसचं सॉफ्टवेअर यांची यादी करून एकच अपील पाठवा. विंडोज पुन्हा टाकायची असेल तर ही यादी झाल्यावरच टाका.