चेहरा झाकला तरी शोधतातच!

परत तेच! आमच्या छोट्याशा किंक (म्हणजे चाकोरीबाहेरच्या लैंगिक आवडींच्या) ग्रुपमधला फोटो कुणीतरी उचलला, 'बघा, लोक काय काय करतात' म्हणून टाकला आणि दोन दिवसांत अनोळखी माणसांची झुंबड उडाली. चेहरा झाकलेला होता हो, पण हातावरचा टॅटू? मागचा पडदा? तेवढ्यावरून माणूस हुडकून काढतात! त्यात ॲपला फोनमधले नंबर वाचू दिले, की टोपणनावाचं खातंसुद्धा ऑफिसातल्या साहेबांना 'ओळखीचे' म्हणून दिसू शकतं. सगळी सज्ञान माणसं, एकमेकांच्या संमतीने वागणारी. ती संमती आपसातली होती, जगभर फिरवायची नव्हती! माझ्या मैत्रिणीने आठ वर्षांचं खातं एका रात्रीत पुसून टाकलं. स्क्रीनशॉट अजून फिरतायत.